दोन सुरांमधली फट

ऑपेलुसास, लुइझियाना
९ मार्च १९५८

आदरणीय पारँ,

एल्डा हे तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवेल, म्हणून अक्षर सुटं काढतो आहे. सोबत पुठ्ठ्यात बांधून माझी रेकॉर्ड पाठवली आहे. पहिली प्रत आईला दिली, दुसरी तुमची. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मला हातात धरलंत तेव्हा तुम्ही म्हणाला होतात ना, की पोर खालच्या सुरात रडतंय, गाणारा होईल? आई ते अजून सगळ्यांना सांगते.

गाण्याचं नाव ‘पूल मिटू दे’. बायूच्या पाण्यावरचा पूल बोटीसाठी फिरवून ठेवलाय, आणि मी अलीकडे गाडीत अडकलोय, ती पलीकडे वाट बघतेय, असं आहे. मुद्दाम पांढरी एकमध्ये म्हटलं. तुमच्या अकॉर्डियनचा तोच एक सूर, म्हणजे तुम्हाला घरबसल्या साथ करता येईल.

मिस्टर एबेर यांनी त्यांच्या ज्यूकबॉक्स दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत हे गाणं टेपवर घेतलं. चार परगण्यांतल्या सगळ्या कॅफेंमध्ये त्यांचीच यंत्रं आहेत, त्यामुळे रेकॉर्ड सगळीकडे लागेल. लेबलवर मात्र माझं नाव ‘लिटल डेझी’ असं छापलं आहे. ‘लेनार्ड पॅपियन’ मावत नाही म्हणाले. मी अक्षरं मांडून पाहिली. मावलं असतं.

करार तीन वर्षांचा आहे. शब्दकोश घेऊन दोनदा वाचला. दोन शब्द कोशात सापडले नाहीत, पण सही करायला दुपारचीच वेळ दिली होती.

एक विचारतो. रेकॉर्ड ऐकताना मला माझाच आवाज परका वाटला. मिस्टर एबेर म्हणाले, पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतो. तुम्हाला कसा वाटतो, ते खरं खरं कळवा.

तुमचा,
लेनार्ड


पोर्ट आर्थर, टेक्सस
२७ मार्च १९५८

टी-लेन,

बोलतोय मी, लिहितेय एल्डा. ती मध्येमध्ये आपलं घुसडेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. (घुसडणारच. — एल्डा)

रेकॉर्ड पोचली, फुटली नाही. माझ्या हातून फुटायची होती, पण वाचली. रविवारी मिसा आटोपून आलो, चुलीवर गंबोचं पातेलं चढवलं, शेजारपाजार बोलावला, अकॉर्डियन काढलं. म्हटलं, बघा आता माझा धर्मपुत्र. सुई टेकवली, तू सुरू झालास, मी सुरू झालो, आणि शेजारच्या ऑगुस्तचं कुत्रं उठून घरी गेलं.

अरे, तू सुरावर नाहीस! पांढरी एक म्हणतोस आणि कुठे भलतीकडेच गातोस. ऑगुस्त म्हणाला, “ओझेम, तुझं खोकं म्हातारं झालं.” मी म्हटलं, खोकं नाही, पोरगं बिघडलंय.

(मी रेकॉर्ड आणि फोनोग्राफ चर्चच्या हॉलमध्ये नेऊन तिथल्या पियानोवर ताडून पाहिलं, लेनार्ड. पांढरी दोनच्या वर आहे आणि काळी दोनच्या खाली. तिथे पट्टीच नाही. मधली फट आहे नुसती.)

फटीत झुरळं राहतात. गाणारे नाही.

आणि तो पियानोवाला एकेका ठोक्यात तीन-तीनदा सूर का बडवतो? पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. आमच्या ला-लाला, घरगुती नाचाला, कपडे धुण्याच्या खाचांच्या पाटीवर चमचे घासले की माणसं पहाटेपर्यंत नाचायची. मग तो ढकलगाडीसारखा बुगी आला, आता ह्या गारा. असो. रिफायनरीतल्या आमच्या पाळीची तरुण माणसं कॅफेत तुझंच गाणं लावतात. मी म्हणतो, माझं पोरगं आहे. म्हणतात, थापा मारू नका, हा तर अठराचा वाटतो. तू किती रे आता? चोवीस? आवाज कोवळा झालाय तुझा. आई दूध-साखरेवर ठेवते की काय?

(बाबा खूश आहेत. दाखवणार नाहीत.)

पारँ


मेरिडियन, मिसिसिपी
४ मे १९५८

आदरणीय पारँ,

उशीर झाला, क्षमा करा. आम्ही रोज नव्या गावात असतो. इथल्या हॉटेलात आम्हा काळ्या माणसांना खोली मिळत नाही. एका न्हाव्याने दुकानामागची खोली दिली आहे. हे पत्र त्याच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. आरसा समोरच असल्यामुळे आपोआप ताठ बसलो आहे.

तुम्ही लिहिलंत ते बरोबर असावं. माझ्या गळ्याचं काहीतरी बिघडलं आहे. बँडमधल्या मंडळींनी गाणं रेकॉर्डवरून बसवलं आहे. ते काळी दोनमध्ये वाजवतात, रेकॉर्डच्या जवळात जवळ तेच आहे म्हणतात. आणि मी तिथे पोचत नाही. शेवटच्या कडव्यात ‘मिटू दे’ म्हणताना आवाज फाटतो. एकदा नाही, रोज. सॅक्सोफोनवाला क्लेमाँ म्हणतो, “काय रे डेझी, रेकॉर्डवर कोण गातंय? तुझा धाकटा भाऊ? त्याला का नाही आणलंस?” सगळे हसतात. मीही हसतो.

मी म्हटलं, आपण खाली, पांढरी एकमध्ये घेऊ. क्लेमाँ म्हणाला, लोकांनी रेकॉर्ड ऐकली आहे, त्यांना तेच पाहिजे.

जॅक्सनला एका डॉक्टरांना गळा दाखवला. ते म्हणाले, गळा ठीक आहे, बोलणं कमी करा. आता मी दिवसा बोलतच नाही. मध घेतो, गरम पाणी घेतो, मानेला लोकरीचा पट्टा बांधतो. पट्ट्यावर क्लेमाँचं वेगळं म्हणणं आहे, ते लिहीत नाही.

आईला यातलं काही सांगू नका. तिला मी लिहिलं आहे की सगळं छान चाललं आहे.

तुमचा,
लेनार्ड


पोर्ट आर्थर
१ जून १९५८

टी-लेन,

तुला धर्मपिता म्हणून विचारतो, गोलगोल उत्तर देऊ नकोस. पितोस का? गाणाऱ्यांचा गळा दोनच गोष्टींनी जातो, आणि दुसऱ्या गोष्टीचं मी एल्डासमोर बोलत नाही. (मला माहीत आहे दुसरी. — एल्डा) गप लिही. माझा भाऊ अनातोल असाच गेला. आज गळा बसला, उद्या गळा बसला, आणि खिशात बाटली. पीत असशील तर टूर सोडून इथे ये. तुझ्या आईला मी तोंड देईन.

आता पुरे. माझी पाळी आहे.

(बाबा गेले. लेनार्ड, मला एक सांग. तिथला पियानो बेसूर होता का? काल परत ऐकलं तर पियानोही त्याच फटीत आहे. तू आणि तो मिळून तिथे कसे काय पोचलात?)


ऑपेलुसास
१३ जुलै १९५८

आदरणीय पारँ, आणि एल्डा,

पीत नाही. देवाशपथ नाही.

पियानो बेसूर नव्हता. रेकॉर्डिंगच्या सकाळी सूर लावणारा माणूस काम संपवून निघाला, तेव्हा मीच त्याला दार उघडून दिलं होतं. एल्डाचा प्रश्न वाचला आणि मोबीलपासून घरापर्यंत डोक्यात दुसरं काही नव्हतं. माझा गळा बिघडेल. सॅक्सोफोन चढेल. पण पियानोच्या तारा गाणाऱ्याबरोबर वर सरकत नाहीत.

घरी न जाता तडक दुकानात गेलो. मिस्टर एबेर नव्हते. रेमी होता, तो यंत्रं दुरुस्त करतो आणि टेपही तोच चालवतो. त्याला विचारलं. तो आधी स्क्रूच शोधत राहिला. मग म्हणाला, “तुला सांगितलं नाही होय कुणी?” त्याने टेपचं यंत्र उघडून दाखवलं. टेप ओढणारी एक बारीक दांडी असते. टेपवरून रेकॉर्ड उतरवताना तिच्यावर चिकटपट्टीचे वेढे दिले की ती जाड होते आणि टेप जोरात ओढते. गाणं आखडतं, आवाज वर चढतो. चिकटपट्टी अजून तशीच होती.

म्हणजे माझा गळा बरा आहे. मी ते वाक्य रस्त्यात उभा राहून मोठ्याने म्हटलं.

मग मिस्टर एबेर आले. रागावले नाहीत. खुर्ची दिली. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहितो:

“पोरा, तू गातोस छान, पण प्रेतयात्रेच्या मागे चालल्यासारखं गातोस. ह्या वर्षी सगळ्यांना कोवळं पाहिजे. न्यू ऑर्लिन्सच्या रेकॉर्डी ऐक, मेम्फिसच्या ऐक. पोरी पाच सेंट टाकतात त्या काय वडिलांचा आवाज ऐकायला? मी तुला तरुण केलं. लोक आभार मानतात.”

मी म्हटलं, “पण मला तिथे गाता येत नाही, सर.”

“तर घरी बस. लाफायेतला एक मुलगा आहे, त्याचा आवाज सरळ वर जातो. तो डेझी होईल. डेझी माझा आहे.”

“मग मी माझ्या नावाने गाईन.”

तेव्हा त्यांनी करार काढून बोट ठेवलं. ते दोन शब्द तिथेच होते. एकाचा अर्थ, फक्त त्यांच्यासाठी. दुसऱ्याचा, कोणत्याही नावाने. अडीच वर्षं राहिली आहेत.

पारँ, मी काय करू? डेझी म्हणून मी डेझीसारखा गाऊ शकत नाही. लेनार्ड म्हणून गायचं नाही. आणि गप्प बसलो तर माझ्याच गाण्यावर दुसरा कोणी उभा राहील.

लेनार्ड


पोर्ट आर्थर
३ ऑगस्ट १९५८

टी-लेन,

तुझ्यावर पिण्याचा आळ घेतला, तो मागे घेतो. ऑगुस्तच्या कुत्र्यालाही सांगितलं.

(बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. — एल्डा)

जेवलो होतो. कमी जेवलो होतो. ऐक. त्या माणसाशी भांडून तू जिंकणार नाहीस. यंत्रं त्याची, कागद त्याचा, शेरीफ त्याच्या भावाचा जावई. पण त्याला तू लागतोस. नुसता आवाज चढणारी पोरं पुष्कळ आहेत, गाणं रचणारी नाहीत. तर असं कर. त्याला म्हण, तुम्हाला नवीन गाणं देतो, पण एक रेकॉर्ड माझ्या खऱ्या आवाजात, खऱ्या वेगात निघाली पाहिजे. एकदा लोकांनी तुला ऐकलं की ते तुलाच मागतील. मग खाली गायलास तरी कोण काय बोलेल?

आमच्याकडे तो आवाज अजून कुणी ऐकलाच नाही रे. मी ऐकलाय. ह्या गावात मी एकटा.

पारँ


बोमाँट, टेक्सस
१९ ऑक्टोबर १९५८

आदरणीय पारँ,

काल इथे गायलो. तुमच्यापासून इतक्या जवळ आलो आणि तुम्हाला रिफायनरीतल्या पाळीमुळे येता आलं नाही, याचं आधी वाईट वाटलं. आता वाटत नाही.

तुमचं ऐकून मी ठरवलं होतं की निदान इथे, आपल्या माणसांत, आपल्या सुरात गायचं. क्लेमाँला विनवलं. तो म्हणाला, “एकदाच. मार तुला, मला नाही.” आम्ही ‘पूल मिटू दे’ पांढरी एकमध्ये घेतलं, हळू, जसं रचलं होतं तसं. पहिलं कडवं मी डोळे मिटून म्हटलं. फार बरं वाटलं, पारँ. आवाज आपल्या घरात आल्यासारखा बसला.

डोळे उघडले तर जोड्या थांबून उभ्या होत्या. एक बाई म्हणाली, “हा तो नाहीच.” मागून कोणी ओरडलं, “डेझीला बोलवा! ह्या काकांना बसवा!” मी गातच राहिलो. मग कोपऱ्यात एकाने ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं आणि माझंच गाणं लावलं. एकाच वेळी दोन्ही चालू. तो वर, मी खाली, तो पुढे, मी मागे. बँड अडखळला आणि थांबला. लोक त्याच्यावर नाचले. संपल्यावर टाळ्या वाजवल्या, यंत्राकडे तोंड करून.

गाडीत क्लेमाँने मला पुढची जागा दिली. तो चिडवतो तेव्हा बरा असतो.

आता दुसरं. हे आईला मीच सांगेन. तुम्ही सुचवलंत ते मी मिस्टर एबेर यांच्याकडे सप्टेंबरात मागितलं होतं. ते हो म्हणाले, फार सहज म्हणाले. एक रेकॉर्ड, खऱ्या वेगात, रेमी दांडीला हात लावणार नाही. त्याबदल्यात करार दोन वर्षं वाढवला. ह्या वेळी एकही शब्द सोडला नाही, सगळे शोधले. समजून सही केली. कालच्यानंतर वाटतं, बरंच केलं. लोकांनी रेकॉर्डवर ऐकल्याशिवाय त्यांना मी खोटाच वाटणार.

गाणं ‘उशिरा आलो’. पुढच्या आठवड्यात घेणार. निघालं की तुम्हाला पाठवतो. लोकांचं मला काही नाही, पण तुम्ही ऐकून काय ते खरं सांगा.

लेनार्ड


पोर्ट आर्थर
१४ डिसेंबर १९५८

टी-लेन,

ऐकली! काय सांगू. सुई टेकली आणि तूच खोलीत आलास. अकॉर्डियन घेतलं तर बोटं आपोआप पडली, एक सूर इकडेतिकडे नाही. डोळ्यांत पाणी आलं. ऑगुस्त म्हणाला, “हा कोण?” मी म्हटलं, “हाच तो. ते आधीचं चिकटपट्टीचं कार्टं होतं.” ही शंभर वर्षं वाजेल. एबेरला म्हणावं, तोंड बघ आरशात. आता डोकं वर करून गा. नाताळात ये, बूदँ सॉसेज करतो.

पारँ

(लेनार्ड, बाबांना वाचता येत नाही म्हणून हे खाली लिहिते. ते वरचं सगळं खरं आहे. डोळ्यांत पाणी आलं, तेही. पण तू दोनदा लिहिलंस की खरं सांगा, आणि ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

नवी रेकॉर्ड त्यांनी एकदा लावली. मग सगळे गेल्यावर जुनी लावली. मग परत जुनी. धुण्याची पाटी काढून चमचे घासत बसले, आणि उठून माझा हात धरून नाचले, गुडघा दुखत असताना. मी विचारलं, “बाबा, नवी?” म्हणाले, “नवी लेनची आहे. ती मी चर्चसारखी ऐकतो. पण हा मेला नाचवतो गं.” मग म्हणाले, त्याला सांगू नकोस.

कॅफेतही तेच. नवी आठवडाभर होती. लोकांना वाटलं यंत्र मंद झालंय, ते बाजूने बुक्के मारायचे. मग यंत्राचा माणूस आला आणि काढून घेऊन गेला.

रागावू नकोस. मला नवीच आवडते. पण मी एकटी आहे, आणि मी नाणी टाकत नाही. — एल्डा)


ऑपेलुसास
२५ जानेवारी १९५९

प्रिय एल्डा,

हे पत्र तुला आहे. पारँना वाचून दाखवताना म्हण की मी मजेत आहे, नाताळात टूरमुळे आलो नाही, आणि त्यांचं पत्र मी खिशात ठेवतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पहिली सोडून. त्यांनी काय लपवलं ते मला कळलंय, हे त्यांना कधी कळू देऊ नकोस.

मी रागावलो नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी आईच्या घरी होतो. मी दोन्ही रेकॉर्डी घेतल्या, दार लावलं, आणि त्या माझ्या नाहीतच असं धरून ऐकल्या. हे मी आधी कधी केलं नव्हतं. नवी चांगली आहे. एकही चूक नाही. तिसऱ्या कडव्यापर्यंत मला उठून काहीतरी काम करावंसं वाटलं.

परकी माणसं म्हणत होती तोवर मी म्हणू शकत होतो, त्यांना समजत नाही. पारँना समजतं. आईखेरीज तो आवाज लहानपणापासून ऐकलेला तोच एक माणूस आहे, त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, आणि त्यांचेही पाय तिकडेच गेले.

परवा नवीन गाणं घेतलं. वेगाचं मिस्टर एबेर यांनी विचारलं नाही, मीही काढलं नाही. माझ्या सुरात, माझ्या वेगात म्हटलं, सगळ्यांनी चांगलं वाजवलं. रेमी टेप मागे फिरवत होता. चिकटपट्टीचं रीळ टेबलावर होतं, त्याने ते मुद्दाम दूर सारलं. भला माणूस आहे.

मीच ते उचलून त्याच्या हातात दिलं.

तो म्हणाला, “नक्की?” त्याने वेढे दिले आणि थोडं वाजवून दाखवलं. मी म्हटलं, “अजून एक वेढा.” मिस्टर एबेर काचेपलीकडे उभे होते. ते हसले नाहीत, नुसती मान हलवली, दुकानदार तराजू बरोबर झाल्यावर हलवतो तशी. करार अजून चार वर्षं आहे. तेवढी वर्षं मी रोज त्या पोराच्या मागे धावणार, आणि तो रोज माझ्यापेक्षा थोडा वर असणार. मध घेईन. क्लेमाँ म्हणतो, दोन-तीन वर्षांत गळा वरचं शिकतो, खालचं मग जातं.

रेमीने गाणं पुरतं लावलं. मी त्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकलं. मुलगा छान गात होता. कुठेही अडकलेला वाटत नव्हता. अर्ध्यात मला जमिनीवर टकटक ऐकू आली, म्हणून खाली पाहिलं. माझाच पाय होता.

लेनार्ड